मशीन बंद नव्हतं

‘ताई, मी मंगळवेढ्याची. वय ४४. घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. चार महिन्यांपासून डाव्या कानात लांबवर कुकरची शिट्टी वाजत राहावी तसा आवाज येतोय आणि त्या कानानं कमी ऐकू येतंय. कानाच्या डॉक्टरांनी सोलापूरला जाऊन डोक्याचा एमआरआय करायला सांगितला, इंजेक्शन देऊन. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो. हे चहा आणायला गेले आणि नेमका तेवढ्यात माझा नंबर लागला. टेबलावर झोपले, तोंडावर तो पिंजरा लावला, आत सरकवलं आणि माझा श्वासच अडकला. मदतीला बोलवायला हातात दिलेला फुगा दाबला, बाहेर आले, कपडे बदलून बाकावर येऊन बसले. हे आल्यावर म्हटलं, मशीन बंद पडलं. आता गुरुवारची तारीख आहे. हे सगळ्यांना मशीन बंद पडल्याचं सांगत सुटलेत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. जाऊ म्हणते, त्यात लाइट मारतात, केस जातात, त्यापेक्षा सीटी स्कॅन कर, पाच मिनिटांत होतो. मी गुरुवारी आत कशी जाऊ? आणि ह्यांना खरं सांगू का?’

तुमचं पत्र वाचून आधी हसूच आलं. रागावू नका. बहाणा असा शोधलात की आम्हा एमआरआय काढणाऱ्या तंत्रज्ञांपैकी कुणीही फसणार नाही. एमआरआयचं मशीन बंद नसतंच. रात्री सेंटरला कुलूप लागतं, दिवे जातात, झाडूपोछावाल्या मावशी घरी जातात, तरी आतला चुंबक चालूच असतो. उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमनं गार ठेवलेली तारांची वेटोळी असतात ती. एकदा त्यांच्यातून वीज फिरायला लागली की वर्षानुवर्षं फिरत राहते. चुंबक खरोखर मारायचा तर हेलियम उडवून द्यावा लागतो, आणि परत उभा करायला कित्येक दिवस आणि लाखो रुपये जातात. संगणक अडकतो, टेबल अडकतं, एसी बिघडतो, मग काउंटरवरून ‘मशीन बंद आहे’ असं सांगतात. मीही शेकडो वेळा सांगितलं असेल. चुंबक तेव्हाही जागाच असायचा.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात पेशंटबरोबर आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं होतं, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं तेव्हा बातम्यांत आलं होतं. सिलिंडरसकट तो मशीनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर मी ते शब्द तोंडातून काढणं सोडलं. ‘आज काम थांबलंय’ एवढंच म्हणायचे.

तुमच्या खोट्यानं कुणाचा जीव जाणार नाही, त्याचं पुढे बघू. पण त्या खोलीच्या दाराशी काहीही पोटात ठेवायचं नाही, भीतीसुद्धा. फुगा दाबून बाहेर आलात यात काही वावगं नाही, फुगा दाबण्यासाठीच देतात. चुकलं ते त्याच्याआधी. ‘मला कोंडल्यासारखं होतं’ हे एक वाक्य तुम्ही त्या तंत्रज्ञ मुलाला बोलला नाहीत. बोलला असतात तर त्यानं दहा मिनिटं जास्त दिली असती. रांग कितीही असो, देतात. अर्ध्यावर उठून गेलेला पेशंट त्यांनाही महागच पडतो.

मी २७ वर्षं काचेच्या अलीकडच्या खुर्चीवर काढली. हजारो लोकांना ‘हलू नका हं, झालंच’ म्हटलं. घाबरणाऱ्यांची मनातल्या मनात थोडी थट्टाही केली, खोटं कशाला बोलू. निवृत्तीनंतर दीड वर्षानं माझ्याच मानेचा एमआरआय निघाला. ज्या पोराला मी कॉइल, म्हणजे तो पिंजरा, बसवायला शिकवलं, त्यानंच ती माझ्या गळ्याभोवती बसवली. दुसऱ्या मिनिटाला मी फुगा दाबला. बाहेर आले तर तो बघतच राहिला. ‘बाई, तुम्ही?’ हो, मी. त्या नळकांड्याची रुंदी ६० सेंटिमीटर असते, नव्या मशीनची ७०, हे मला झोपेतही सांगता येतं. पण ते छत नाकापासून किती जवळ आहे हे खुर्चीत बसून कळत नाही.

त्या पोरानं मग मला पाणी दिलं आणि एक घडी केलेला नॅपकिन डोळ्यांवर ठेवला. आधी नॅपकिन, मग कॉइल, मग टेबल आत. हा क्रम महत्त्वाचा. तुम्ही ज्याला पिंजरा म्हणता ती कॉइल. तुमच्या डोक्यातून येणारे बारीक रेडिओ संदेश पकडणारी ती अँटेना आहे, म्हणून ती इतकी जवळ लागते. तिला टाळता येत नाही, पण तिला बघायचं टाळता येतं. डोळे उघडे ठेवून आत गेलं की मन मापं घ्यायला लागतं, आणि तुमचा तर मापं घेण्याचाच धंदा. मी दुसऱ्यांदा आत गेले ती बाहेर येईपर्यंत पापणी उचलली नाही. काही जणांना उलट आवडतं, कॉइलवर छोटा आरसा असतो, त्यातून पायाकडची खोली आणि काच दिसते. तुमचा स्वभाव तुम्हाला ठाऊक. मी नॅपकिनवाली.

आणि ती गुहा नाही. दोन्ही तोंडं उघडी असतात, आत दिवा असतो, वारा खेळता असतो. डोक्याच्या स्कॅनला साधारण कमरेपर्यंतचा भाग आत जातो, पाय बाहेरच राहतात. यजमानांना आत बसता येतं का, हे विचारा. त्यांच्या खिशातलं सगळं काढून, पेशंटकडून घेतात तोच, अंगात धातू आहे का विचारणारा फॉर्म भरून घेऊन बरीच सेंटरं एका माणसाला पायाशी बसू देतात. पायाच्या अंगठ्याला कुणी धरून बसलंय एवढ्यावर लोक अर्धा तास काढतात, मी पाहिलंय. एक सत्तरीचे गृहस्थ अख्ख्या स्कॅनभर बायकोचा अंगठा धरून होते, आणि बाहेर आल्यावर ती बाई त्यांनाच ओरडली की गुदगुल्या होत होत्या म्हणून.

आवाजाचं म्हणाल तर तुम्हाला त्याचं काही वाटायला नको. जोरदार चुंबकात आणखी काही वेटोळ्यांतून वीज झटक्यानं चालू-बंद करतात, ती थरथरतात आणि त्याचा आवाज होतो. मोडकं काही नसतं. एक फेरी इंटरलॉक मशीनसारखी, एक पिकोसारखी, मधेच शेजारी कुणी ड्रिल चालवतंय असं. प्रत्येक फेरी दोन ते सहा मिनिटांची. त्या मुलाला आधीच सांगून ठेवा, ‘दर फेरीआधी किती मिनिटांची ते माइकवरून सांगा.’ चार मिनिटं म्हणजे किती, हे तुम्हाला शिवणीत मोजता येईल: एक बाही जोडून होते तेवढी. मनातल्या मनात ब्लाऊज शिवा. अस्तर, टक्स, खांदा, बाही, हुकपट्टी. कटोरी ब्लाऊज घेतलात तर इंजेक्शनसकट सगळं उरकेल, पस्तीस-चाळीस मिनिटांचंच काम आहे. दोन फेऱ्यांमधे आवाज थांबतो, तेव्हा आवंढा गिळा, खोकायचं तर खोका, डोकं मात्र जागचं हलवू नका. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, फुंकर घालतो तसा लांब.

तुमच्या कानाला मुळातच त्रास आहे. तेव्हा बोळे आणि हेडफोन दोन्ही मागा. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, नुसत्या कापसावर भागवू देऊ नका.

आणि हात जोडू नका. घाबरलं की आपल्याकडे हात आपोआप जोडले जातात, मी कितीतरी बायकांचे हात आत जाऊन सोडवले आहेत. त्वचेला त्वचा टेकून कडं तयार झालं की त्यातून रेडिओ लहरींची वीज फिरून तिथे चटका बसू शकतो. पायाची अढी नको, बोटं गुंफायची नाहीत. देवाला काय म्हणायचं ते मनात म्हणा. अंग थोडं गरम वाटणं ठीक, एकाच जागी चुरचुरलं तर फुगा दाबा. फुगा दाबणं म्हणजे हार नव्हे, हे या वेळी लक्षात असू द्या.

आता आत जाण्याआधी त्या मुलाला काय काय सांगायचं त्याकडे येते, तुम्ही शिवणकाम करता म्हणून मुद्दाम. शिवण करणारी एकही बाई मला अशी भेटली नाही जिच्या बोटातून सुई गेली नाही. तुमच्या बोटात कधी सुई मोडली होती का? टोक निघालं होतं का आतच राहिलं, नक्की आठवतं का? फॉर्मवर ‘शरीरात धातूचा तुकडा’ असा एक रकाना असतो, बायका त्यावर डोळे झाकून ‘नाही’ लिहितात. बोटातली सुई ही त्यांना धातू वाटतच नाही. शंका असेल तर आधी बोलून दाखवा. बोटाचा साधा एक्स-रे काढला की दोन मिनिटांत कळतं. लेथवर किंवा वेल्डिंगवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कीस असू शकतो, त्यांचाही असाच आधी एक्स-रे काढतात. तुमच्या घरातला कुणी असला आणि पुढेमागे त्याला सांगितला एमआरआय, तर लक्षात राहू द्या.

तांबी बसवलेली असेल तर सांगा. बहुतेक वेळा तिची अडचण नसते, पण सांगायची. कुठलंही ऑपरेशन, हृदयात स्टेंट, पेसमेकर, हाडात प्लेट, सगळं सांगायचं आणि कार्ड असेल तर न्यायचं. पाळी चुकली असेल तर तेही, चव्वेचाळिशीत पाळी मागेपुढे होते म्हणून गृहीत धरू नका. इंजेक्शनचं औषध गॅडोलिनियमचं असतं, ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून अलीकडचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का ते दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट मागतात. आधी कुठल्या इंजेक्शननं पित्त उठलं असेल, दमा असेल, तर सुई टोचायच्या आधी बोला. औषध जाताना दंडात गारवा जाणवतो, कुणाकुणाला जरा मळमळतं. जातं ते.

पर्समधली टाचण्यांची डबी घरीच ठेवा. तुम्ही हसाल, पण माझ्याकडे एक शिवणवाली मावशी आली होती, सगळे दागिने काढून, गाउन घालून, तयार. खोलीत पाऊल टाकलं आणि गाउनच्या खालून एक टाचणी सुटून मशीनच्या तोंडाला जाऊन चिकटली. परकराच्या नाडीत खोचलेली. सवयीनं खोचलेली, तिला पत्ताही नव्हता. टाचणीवर निभावलं. तेव्हा गुरुवारी सकाळी अंगावर घालायचा प्रत्येक कपडा हात फिरवून बघा. हुकाची अंतर्वस्त्रं, जरीचा ब्लाऊज, केसातल्या आकड्या, काजळ, काढता येणारे दात, मोबाइल, एटीएम कार्ड, सगळं बाहेर. कार्ड आत गेलं तर पट्टी पुसली जाते आणि परतीच्या तिकिटाची पंचाईत.

मंगळसूत्रही काढायचं. सोन्याला चुंबक ओढत नाही हे खरं, पण काळ्या मण्यांची तार कसली आहे कोण जाणे, आणि सोनंही तापतं, चित्र बिघडवतं. कितीतरी बायका याच ठिकाणी अडखळतात. मी त्यांना म्हणायचे, रुमालात बांधा आणि ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच हातात द्या, त्याच्याइतकी जोखीम कोण सांभाळणार? बहुतेक हसून काढायच्या. जोडवी बोटात रुतली असतील तर आदल्या रात्री साबण लावून सैल करा. निघतच नसतील तर ओढाताण नको, तसं सांगा.

एवढं करूनही छाती धडधडत राहिली तर गुंगीचं औषध आहेच. ते कानाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं, शेजारणीच्या डबीतली झोपेची गोळी घ्यायची नाही. घेणार असाल तर सेंटरला आधी कळवा, किती तास उपाशी राहायचं ते तेच सांगतील. बरोबर माणूस हवा. आणि त्या दिवशी घरी येऊन शिलाई मशीनवर बसायचं नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी नाही. गुंगीत बोट सुईखाली गेलं तर पुढच्या वेळी फॉर्मवर आणखी एक ओळ वाढेल.

जाऊबाईंचं काय करायचं ते तुम्ही बघा, पण त्यांनी उलटं सांगितलंय. क्ष-किरण सीटीत असतात. एमआरआयमध्ये ते अजिबात नसतात, चुंबक आणि रेडिओ लहरी, बस. केस दोन्हींत जात नाहीत. सीटी वाईट आहे असंही नाही, अपघातात डोक्यात रक्त साठलंय का हे बघायला तोच आधी काढतात, आणि डोक्याच्या एका सीटीचा डोस साधारण वर्षभरात निसर्गातून आपल्याला मिळतो तेवढाच भरतो. पण तुमच्या डॉक्टरांना बघायची आहे कानाकडून मेंदूकडे जाणारी दोऱ्याएवढी नस. एकाच कानात आवाज आणि त्याच कानानं कमी ऐकू येणं असं असलं की त्या नसेवर गाठ नाही ना, याची खात्री करून घेतात. छोटी गाठ सीटीत निसटते. ओपन एमआरआय नावाची उघडी मशीनंही असतात, पण त्यांचा चुंबक बहुधा कमी जोराचा, इतकं बारीक त्यात नीट दिसत नाही.

‘गाठ’ हा शब्द मुद्दाम लिहिला. तुमच्या पत्रात तो नाही, पण ओळींच्या मधे आहे. टेबलावर श्वास अडकला तो सगळाच पिंजऱ्यामुळे अडकला नसेल. मी डॉक्टर नाही, निदान माझं काम नव्हे. पण या कारणासाठी आलेल्यांपैकी बहुतेकांच्या स्कॅनमध्ये काही निघत नाही. आणि निघालीच तर ती गाठ सहसा कॅन्सरची नसते, हळूहळू वाढणारी असते, डॉक्टर कधी कधी तिच्यावर नुसती नजर ठेवून राहतात. त्यासाठीसुद्धा आधी ती आहे का नाही हे बघावं लागतं.

स्कॅन झाल्यावर त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधू नका. आम्ही सगळ्यांकडे एकाच चेहऱ्यानं बघतो, सवयच लागलेली असते. ‘काय आहे हो?’ विचारलं तर तो ‘डॉक्टर सांगतील’ म्हणेल, त्याचा अर्थ वाईट काही नसतो, त्याला सांगायचा अधिकार नसतो इतकंच. इंजेक्शनच्या आधी तो टेबलापाशी आला, की काहीतरी दिसलं म्हणून आला असंही समजू नका. औषध मधेच द्यायचं असतं. रिपोर्ट हातात पडला की मंगळवेढ्याच्या एसटीत उघडायचा नाही. त्यात सायनसला सूज आहे, वयाप्रमाणे हे आहे, ते आहे, असं चार ओळी लिहिलेलं असतंच, आणि मोबाइलवर एकेक शब्द शोधत बसलं तर वाटेत माचणूर येईपर्यंत माणूस स्वतःचं मरण ठरवून मोकळा होतो. शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असं लिहितात, त्याचा अर्थ तपासणाऱ्या डॉक्टरांनी पेशंट बघून ठरवावं. ते तुमच्यासाठी नसतंच.

राहता राहिले यजमान. सांगा. गुरुवारी तुम्हाला त्यांची गरज आहे म्हणून सांगा. ते पायाशी बसणार, मंगळसूत्र सांभाळणार, गोळी घेतलीत तर धरून नेणार, आणि त्यांना वाटतंय की गेल्या वेळी मशीन बंद होतं. उद्या काउंटरवर त्यांनी ‘झालं का हो मशीन दुरुस्त?’ असं विचारलं तर ती पोरगी गोंधळून तुमच्याकडे बघेल. तो प्रसंग कशाला यायला हवा? फार तयारी करून, त्यांना समोर बसवून वगैरे सांगू नका. भाकरी थापताना, तुमची पाठ त्यांच्याकडे असताना सांगितलंत तरी चालेल. ‘त्या दिवशी मशीन चालू होतं, मीच बंद पडले.’ ते कदाचित दोन मिनिटं फुगतील, लोकांत हसं झालं म्हणून. मग विचारतील, काय झालं होतं. तेव्हा पिंजऱ्याचं सांगा. लोकांना जे सांगून झालंय ते राहू द्या तसंच. जाऊबाईंना मशीनच्या दुरुस्तीची सविस्तर हकीकत हवी असेल तर हेलियमचं मी वर लिहिलंच आहे.

सेंटरला फोन गुरुवारी सकाळी करू नका, तेव्हा कुणी उचलत नाही. आदल्या दिवशी दुपारी जेवणानंतर करा, तेव्हा काउंटर जरा मोकळं असतं. सांगा की मागच्या वेळी अर्ध्यावर उठले होते, घाबरते, नवरा आत बसला तर चालेल का, इंजेक्शनसाठी उपाशी यायचं का, आणि पहिला किंवा शेवटचा नंबर द्या. शक्यतो पहिला मागा. मग बाकावर बसून आत जाणाऱ्या-येणाऱ्यांची तोंडं बघावी लागत नाहीत. नॅपकिन घरचाच न्या, धुतलेला, आणि त्याला टाचणी लागलेली नाही ना ते बघा.